दोन वर्षांचा शिपाई

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अग्निवीरावरून पुन्हा जुंपलीय. पुतण्या पहिल्याच बॅचचा. चार वर्षं भरत आली, आणि चारांतला एकच पुढं ठेवणार. तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, लिहिलं, "चार वर्षांत बूटसुद्धा पायाला बसत नाहीत. ह्याला शिपाई म्हणायचं?" तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतले, इकाहत्तरची लढाई पाहिलेले, सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

मी बोललो. इथं सिंगापुरात एनएस, म्हणजे पोरांची सक्तीची फौजेतली नोकरी, दोनच वर्षांची. बँकवाल्याचा पोरगा आणि टॅक्सीवाल्याचा पोरगा टेकाँगला, फौजेच्या ट्रेनिंगच्या बेटावर, एकाच बराकीत झोपतात. त्यांना कुणी अर्धा शिपाई म्हणत नाही. माझाही तिथंच आहे.

थोरल्या भावाचं उत्तर लगेच आलं, "तुझा परक्याच्या फौजेत. तू नको शिकवू."

हे मला फार लागलं. परक्याची फौज? आमचे पणजोबा इराकातल्या कूतच्या वेढ्यात होते, इंग्रजांच्या फौजेतून. एप्रिल 1916 मध्ये तिथल्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली, त्यांत मराठा पलटणीही होत्या. ती लढाई काय साताऱ्यासाठी होती? आजोबा 1944 ला इटलीत. शेजारच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांची शिळा आहे, ती इंग्रजानंच बसवलेली. तिच्यापुढं आपण नारळ फोडतो. पगार कुणाचा होता हे तेव्हा कुणी विचारत नाही.

हे सगळं टाइप केलं, पाठवलं, अंगठे आले. मग रात्री झोप लागेना, कारण तुलना करताना मी सोयीचं तेवढंच उचललं होतं. इथल्या पोरापुढं दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीची जागा राखून ठेवलेली असते. नंतरही कित्येक वर्षं रिझर्व्हिस्टची, म्हणजे राखीव फौजेची, बोलावणी येत राहतात, म्हणजे फौज त्याला सोडतच नाही. पुतण्याला पुढं ठेवलं नाही तर तो सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षांनी एकदाच मिळणारे, 11.71 लाख घेऊन गावी येईल, तिथं दीड एकर आहे आणि ते तिघांत. तात्यांचा मुद्दा बुटांचा नव्हताच. त्यांच्या पेन्शनीवर तीन लग्नं झाली, माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्यातलीच.

आणि एक गोष्ट ग्रुपवर कधीच सांगितलेली नाही. भरतीत माझी छाती कमी भरली, 77 वर 5 सेंटिमीटर फुगली नाही, असं घरात पंचवीस वर्षं सगळे मानून चाललेत. खरं म्हणजे मी रांगेत उभाच राहिलो नाही. पहाटे तीनला तात्यांनी उठवलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, आणि मी सातारा स्टँडवर उजाडेपर्यंत बसून राहिलो. मिसळ खाल्ली. दुपारी घरी येऊन छातीचं सांगितलं. तात्या एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला दंड-बैठका मार."

पोराचं एनएसचं पत्र आलं तेव्हाही मी तोच. निळी आयसी, म्हणजे इथल्या कायम रहिवाशाचं ओळखपत्र, परत केली तर काय होतं, हे बायकोला न सांगता दोघा-तिघांना विचारून आलो. पोरालाच कळलं ते. म्हणाला, "बाबा, माझ्या वर्गातले सगळे चाललेत. मी कुठं जाऊ?"

त्याला सोडायला टेकाँगला गेलो तर कुकहाउसमध्ये आई-बापांनाही तोच ट्रे, तोच भात. त्याला भूक होती. मला घास गिळेना.

गेल्या शनिवारी तो बुक-आउट होऊन, म्हणजे कॅम्पातून सुट्टीवर, घरी आला होता. तेवढ्यात तात्यांचा व्हिडिओ कॉल. भावानं ग्रुपवर काय लिहिलं ते त्यांनी काढलंच नाही. त्यांनी विचारलं, "सावधानला काय म्हणतात रं तुमच्यात?"

"सेदिया, आजोबा. मलय भाषेत."

"ओरडून म्हण."

तो हॉलमध्ये उभा राहून ओरडला. खालच्या मजल्यावरची म्हातारी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आली, ते वेगळं. पण फोनवर मी बघत होतो. तात्या खाटेवर बसलेले, लुंगीत, गुडघ्याला पट्टा. त्यांनी टाचा जुळवल्या होत्या.