वारसांच्या यादीतलं पाचवं नाव

अण्णांना जाऊन सव्वा वर्ष झालं. दादाने वारसनोंदीचा अर्ज भरून आणला. प्रतिज्ञापत्रावर चार नावं: आई, दादा, मी, धाकटी. मी सही केली नाही. 'जमिनीसाठी भांडतेय' असं गावात बोललं जातंय, म्हणून हे लिहितेय.

दिवसकार्य उरकल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. तळाशी बिस्किटांच्या डब्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. दरमहा दीडशे, पुढे तीनशे. पैसे घेणाऱ्याच्या जागी आधी अंगठा. १९९७ पासून एका मुलीची सही, गोल गोल अक्षरात. आडनाव आमचंच.

१९८८ साली सातवीच्या सहलीला मला साठ रुपये हवे होते. पेपरातून मान वर न काढता अण्णा 'नाहीत' म्हणाले. मी पुन्हा त्यांच्याकडे काही मागितलं नाही, लग्नातसुद्धा नाही. त्या महिन्याची पावती गठ्ठ्यात होती. खरं सांगते, पहिला राग त्या पोरीचाच आला.

आईला माहीत होतं. काकांना, आत्याला, सगळ्यांनाच. आईने एवढंच विचारलं, "गठ्ठे होते तसे बांधलेस ना?"

आता सगळे म्हणतात, झाकली मूठ राहू दे. पण चाळीस वर्षं ती मूठ आवळून धरली कोणी? आईने. अण्णा खुशाल पारावर पंचांमध्ये बसत होते.

आणि त्या मुलीचा काय दोष? तिच्या आईशी अण्णांनी देवळात लग्न लावलं होतं. ते लग्न कायद्याने रद्दबातल, त्या बाईला वारस म्हणून काही नाही (हेही मला पटत नाही). पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मूल औरसच. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही अशा मुलांचा हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२३ रोजी दिलाय. मुलींना नावं गाळून सह्या करायला सांगणं थांबवा.

मी तिला फोन केला. मनीऑर्डरची कूपनं तिने जपून ठेवलीत. एक वाचून दाखवलं: 'गणिताचा पेपर कसा गेला ते कळव.' मी ते तीनदा वाचायला लावलं. माझा पेपर अण्णांनी कधी विचारला नव्हता. तिने मला विचारलं, "ताई, ते घरी हसायचे का हो?"

तिला विचारूनच हे लिहितेय. आईलाही वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण नकोही म्हणाली नाही.

दादा, सोमवारी तलाठी कार्यालयात पाच नावांचा अर्ज देतेय. सही करायला ये.