ओटा आणि अण्णा

मालकांचा मेहताजी एरवी भाडं घेताना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. परवा तो थेट स्वयंपाकघरात शिरला आणि मोबाइल काढून आमच्या ओट्याचे फोटो घेऊ लागला. समोरून, बाजूने, खाली वाकून. हिने घाईघाईने ओट्यावरचं फडकं बाजूला केलं, मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसं.

"ओटा बदलला, साहेब. शेठची लेखी परवानगी?"

गिरगावातली चाळ, पागडीची खोली. म्हणजे आजोबांनी घर घेतल्यासारखे पैसे मोजले आणि भाडेकरू झाले. विकायला काढली तर साधारण तिसरा हिस्सा मालकाचा. जिन्याला टेकू लागलेत, कठड्याला हात लावायची सोय नाही, त्याचा फोटो काढायला आजवर कुणी आलं नाही. पण माझ्या ओट्याचा कडाप्पा फुटला आणि त्यावर मी ग्रॅनाइट टाकलं, ते मात्र शेठना तिकडे बसल्या जागी दिसलं.

मी शांतपणे म्हणालो, "ओटा पहिल्यापासून आहे. फक्त वरचा दगड बदलला."

"पहिल्यापासून?" दारातून आवाज आला. शेजारचे अण्णा. बनियन, हातात पेपर. "अरे, पहिल्यापासून इथे मोरी होती!"

मेहताजीने फोटो थांबवून व्हिडिओ सुरू केला.

अण्णा याच मजल्यावर जन्मले. त्यांना दुपारी काय जेवले ते आठवत नाही, पण आमच्या खोलीचा इतिहास तोंडपाठ आहे. "तुझी आजी खाली बसून स्वयंपाक करायची. इथे शेगडी, इथे पाट. तुझ्या वडिलांनी मोरी तिकडे खिडकीखाली नेली, मग ओटा आला."

"तेव्हा परवानगी होती?" मेहताजी.

"कसली परवानगी! गणपतीत, आरतीच्या गोंगाटात फोडाफोडी उरकली. रेतीच्या गोणी मीच वर आणल्या."

मी डोळे मोठे केले.

"डोळ्यात काही गेलं का रे तुझ्या?" अण्णांनी काळजीने विचारलं आणि मेहताजीकडे वळले. "पोटमाळा पाहिलात का? तोही नंतरचा. थांबा, स्टूल आणतो."

आणि खरंच आणलं. ते ज्या गॅलरीतून आणलं, ती अण्णांनी ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून कधीच खोलीत घेतली आहे. मेहताजी स्टुलावर चढला, अण्णांनी खालून स्टूल धरलं. "जपून हं. कोपऱ्यातली फळी कच्ची आहे, याच्या वडिलांनी पैसे वाचवले होते."

"तुमच्या खोलीत काय काय बदललं?" मेहताजीने वरूनच विचारलं.

"आमच्याकडे? सगळं ओरिजिनल!"

रात्री मी कायदा काढून बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम १६ म्हणतं, मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलंत तर तो खोली परत मागू शकतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सवलतींची यादी आहे: लाकडी पार्टिशन, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं आणि उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा! लागेल तिथे पालिकेची परवानगी घेतली की ही कामं कायमचं बांधकाम धरली जात नाहीत. विधिमंडळात कुणीतरी हिच्या गुडघ्यांचा विचार केला होता, म्हणून मला भरून आलं. यादी पुन्हा वाचली. मोरी नाही. पोटमाळाही नाही. म्हणजे मी केलेलं सगळं माफ, आणि अण्णांनी सांगितलेलं सगळं अंगाशी.

कलम १४ वाचून तर झोपच उडाली. दुरुस्ती करणं हे मालकाचं काम. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने केलं नाही, तर आपण करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून कापायचा. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. आमच्या वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात प्लंबर नुसता बघून जाईल. तेव्हा जिना तसाच राहणार आणि मेहताजी त्याच जिन्याने ओटा तपासायला वर येणार. उद्या पाय घसरून पडला तरी मीच जबाबदार ठरेन, कारण जबाब द्यायला अण्णा आहेतच.

या महिन्याची पावती त्याने दिली नाही. "शेठना विचारून." पावती अडवणं ही जुनी युक्ती आहे. उद्या भाडं थकवलं म्हणून लघुवाद न्यायालयात उभं करायला बरं. तिथे खटले बाप लावतो आणि नातू चालवतो. मी चेक स्पीड पोस्टाने पाठवला. टपालखर्च माझा.

संध्याकाळी अण्णा स्टूल न्यायला आले.

"गेला ना? मी कसा गुंडाळला बघ त्याला! वर चढवून ठेवला, माझ्या गॅलरीकडे बघायची आठवणच राहिली नाही." मग आवाज खाली आणला. "ग्रॅनाइटचा तुकडा उरलाय का रे? बेसिनखाली घालीन म्हणतो."