गोवराचा लंडनी आलेख आणि आपल्या कोप्या

सध्या फिरतोय तो मेसेज थोडक्यात असा: लंडनमध्ये एके काळी गोवराने ढिगाने लेकरं मरायची, पण लस यायच्या आधीच ते मरण जवळपास थांबलं, म्हणजे लस फुकाची. गोवर निघाला की अंगातली उष्णता बाहेर पडते आणि प्रतिकारशक्ती वाढते. जीवनसत्त्व ‘अ’ पाजलं की भागतं. लसीने ऑटिझम होतो. खाली एक आलेख आणि हात जोडलेले. माझ्या भाचीने हे वाचून नऊ महिन्यांच्या पोराचा डोस ‘थोडं थांबू’ म्हणत पुढे ढकलला, म्हणून लिहितेय. एरवी असलं काही मी न वाचता पुसून टाकते.

आलेख खोटा नाही, एवढं कबूल करावं लागतं. पण तो नुसत्या मेलेल्यांचा आहे. आजारी पडलेल्यांचा कुठाय? तिथल्याच सरकारी नोंदी बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४० साली गोवराचे चार लाखांवर रुग्ण, मृत्यू ८५७. १९६१ साली रुग्ण साडेसात लाखांवर, मृत्यू १५२. म्हणजे गोवर कुठेही गेला नव्हता, लेकरं वाचायला लागली होती. लस १९६८ ला आली, आणि १९९८ साली वर्षभरातल्या नोंदी चार हजारांच्याही आत होत्या. हा भाग मेसेजवाल्याने सोयीने गाळला.

लेकरं वाचायला का लागली, तेही बघू. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनमध्ये गरिबांचं अख्खं कुटुंब एका खोलीत राहायचं आणि दर दोनेक वर्षांनी साथ यायची. थोरला शाळेतून गोवर आणायचा, त्याच्याजवळ झोपणाऱ्या तान्ह्याला तो जास्त जोरात व्हायचा. मरायची ती बहुतेक पाचाच्या आतली, त्यातही वर्ष-दोन वर्षांची. पुढे घरं मोकळी झाली, पोरं कमी झाली, खाणं सुधारलं, न्यूमोनियावर सल्फा आणि पेनिसिलिन आलं.

आता बीडच्या धारूर-वडवणीकडून ऊसतोडीला गेलेल्यांची कोपी, म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी, डोळ्यांपुढे आणा. वाकून आत शिरायचं, एका वाकळेवर तीन-चार लेकरं, आई-बाप पहाटेच फडात, धाकटं दिवसभर थोरलीच्या कडेवर. हे कुठल्या सालचं लंडन झालं? आलेखाच्या ज्या टोकाला लेकरं मरत होती, त्या टोकाला आपल्या कोप्या उभ्या आहेत. आणि २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडी भागात साथ आली तेव्हा औषधांची दुकानं काही बंद नव्हती. तरी लेकरं दगावलीच.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ यावर मात्र डोकं फिरतं. नेमकं उलटं होतं. २०१९ साली लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तर इतर आजारांशी लढायला शरीराने आधी जमवलेली प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली निघाली. गोवर ओसरल्यावर पोरगं सारखं आजारी पडतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या कधीच्या सांगतात.

आणि ती उष्णता! ‘पुरता निघू द्या’ म्हणून लेकराला घोंगडीत गुंडाळतात, औषध अडवून धरतात, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवतात. पाल्याशी माझं भांडण नाही, खुशाल ठेवा. पण लेकरू मरतं ते न्यूमोनियाने नाहीतर हगवणीने, आणि ‘आता निघालाय, उतरेल’ म्हणून घरचे बसून राहतात तेव्हाच छाती भरत असते. श्वास जोरात चालला, बरगडीखाली खळगा पडायला लागला, पाणी पिईना, की उठा आणि दवाखाना गाठा.

जीवनसत्त्व ‘अ’चं म्हणाल तर अर्धं खरं. गोवर झालेल्या लेकराला डॉक्टर ते देतातच, त्याने जीव वाचतात. लागण काही थांबत नाही. आपल्याकडे त्याचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबतच पाजतात, म्हणजे लस चुकवली की बहुधा तोही चुकतो.

ऑटिझमवर किती लिहायचं? लसीशी त्याचा संबंध जोडला तो १९९८ च्या बारा मुलांवरच्या एका लेखाने, जो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. डेन्मार्कने साडेसहा लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, लसीचा आणि ऑटिझमचा काही संबंध निघाला नाही.

गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. हुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, थांबू नका. कारखान्यावर जाताना लसीचं कार्ड गाठोड्यात घ्या आणि तिथल्या आशाताईला दाखवा.