कॅनकूनला जेवायला कुठे जायचं? अहो, सोप्पंय!

अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहेच, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, न्यू जर्सीत थंडी पडलीये, त्यामुळे चार फॅमिलींनी मिळून कॅनकून बुक केलंय आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर एकच चर्चा, जेवायचं कुठे. टेन्शन घेऊ नका. मी जाऊन, खाऊन, पैसे घालवून आलोय, सांगतो तसं करा.

आधी ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहणं-खाणं सगळं एकाच पैशात, असं हॉटेल घ्या. मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा बांधतात तो आंघोळीलासुद्धा काढायचा नाही. एकदा पट्टा बांधला की बुफे हे आपलं कर्तव्य, सकाळी पोट बिघडलेलं असलं तरी दुपारी कोळंबीवर पैसे वसूल करायचेच.

कंटाळा आलाच तर बाहेर पडा, पण हॉटेल झोन सोडायचा नाही. समुद्र आणि लगून यांच्या मधली वाळूची पट्टी ती, सत्तरच्या आधी तिथे फारसं काही नव्हतं, सरकारनं ठरवून टुरिस्टांसाठी शहर वसवलं आणि पहिली हॉटेलं १९७४ ला उघडली. म्हणजे शहर माझ्या थोरल्या भावापेक्षा लहान, तिथे कसली आलीये पारंपरिक चव!

तिथलं रेस्टॉरंट कसं निवडायचं? दारात उभा राहून "इंडिया? बॉलिवूड!" असं जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल त्याच्याकडे जायचं. आत मोठ्ठी टोपी घातलेला वेटर पाहिजे आणि लॅमिनेट केलेला, फोटोवाला मेनू पाहिजे. त्यात $ २५० दिसलं की छातीत कळ येते, मग कळतं की मेक्सिकोच्या पेसोलाही तेच चिन्ह वापरतात, मग इतकं हायसं वाटतं की त्या भरात आपण आणखी दोन डिश मागवतो. पैसे मात्र डॉलरमध्येच द्या, रेट ते स्वतःच ठरवतात, आपल्या डोक्याला त्रास नाही.

मागवायचं काय, तर नाचोज. ते निघाले १९४० च्या दशकात पार वर अमेरिकेच्या बॉर्डरवरच्या पिएद्रास नेग्रास गावात, म्हणजे रत्नागिरीला जाऊन छोले भटुरे खाण्यातलाच प्रकार, पण फोटो छान येतो. व्हेजवाल्यांनी बीन्स बिनधास्त खावेत, पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात म्हणे, तुम्ही विचारूच नका म्हणजे झालं.

बिल मागायचंही नाही. तिकडे मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, उठा म्हटल्यासारखं होतं ना ते. आम्ही पाऊण तास वेटरची वाट बघत बसलो आणि तो बहुतेक आमची. शेवटी बिल आलं त्यात टिप आधीच लावलेली होती, तिच्यावर मी परत पंधरा टक्के दिली, इंडियाचं नाव खराब नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेटर स्वतः कुठे जेवतो हे चुकूनही विचारू नका. मी विचारलं. त्यानं आर-वन बसकडे बोट दाखवलं. त्या बसनं सेंट्रोत, म्हणजे तिथली माणसं राहतात त्या खऱ्या शहरात गेलं की फसगत सुरू. शेजारच्या युकातान राज्यातनं कामाला आलेली माणसं आपलं जेवण सोबत घेऊन आलीयेत, कोचिनिता पिबिल म्हणजे अचिओते नावाच्या लाल बिया आणि आंबट संत्र्याचा रस चोळून केळीच्या पानात शिजवलेलं डुक्कर, वरून गुलाबी कांदा. ते सकाळचं खाणं, दुपारी गेलात तर बऱ्याचदा पातेलं रिकामं. शेजारी इवल्याशा वाटीत हाबानेरो नावाच्या जहाल मिरचीची चटणी. आमच्यातला एकजण म्हणाला, "आम्ही कोल्हापूरचे," आणि चमचाभर घेतली. मिरची मूळ तिकडचीच, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, हे त्याला नंतर सांगितलं, कारण तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं.

रात्री सेंट्रोतल्याच पार्के दे लास पालापास नावाच्या बागेत एक बाई गाडीवर मार्केसिता करत होती. पातळ पीठ साच्यात दाबलं, वर एडाम चीजचा ढीग किसला, गरम असतानाच गुंडाळी केली, कागदात घालून हातात दिली. कुरकुरीत, गोड, आणि मध्येच खारट. उभ्याउभ्या दोन खाल्ल्या, बायको तिसरी म्हणत होती.

हॉटेलवर परतलो तर बुफे अजून चालू होता, पास्ता. पैसे भरलेले, म्हणून तोही खाल्ला.