मु. पो. नाही

काल सकाळी चहाच्या गाड्यावर एका अनोळखी पोराने माझ्याकडे बोट करून शेजारच्याला सांगितलं, "हेच ते काका. नसलेल्या गावाला जाऊन आलेले." शेजारच्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, "मग पैसे परत दिले का ओ त्यांनी?"

वय ६३. चाळीस वर्षं सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, हिशेब लिहिले. सुताच्या वजनात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर रात्री झोप लागायची नाही. आणि आता इचलकरंजीत माझी ओळख उरली काय, तर ही.

लेकीचं बाळंतपण होतं म्हणून आम्ही दोघं जर्मनीला निघालो होतो. तिचं गाव बीलेफेल्ड. व्हिजाची धावपळ, मेतकुटाचं वजन, विमानातलं जेवण हे सगळं सोडून देतो, ते प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. थेट जर्मनीच्या विमानतळावर पासपोर्ट तपासतात त्या खिडकीपाशी येतो.

काचेमागचा माणूस पन्नाशीचा. चष्मा कपाळावर, टेबलावर निवडुंगाची इवलीशी कुंडी. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, त्यात मागे दीडशे माणसांची रांग. त्याने पासपोर्ट चाळला आणि इंग्रजीत विचारलं, "कुठे निघालात?"

"बीलेफेल्ड."

त्याने शिक्का खाली ठेवला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"सर, बीलेफेल्ड नाहीये."

मला वाटलं माझा उच्चार चुकला. जावयाने महिनाभर व्हिडिओ कॉलवर घोटून घेतला होता. मी पुन्हा म्हणालो, मग एकेक अक्षर फोडून सांगितलं. तो प्रत्येक अक्षराला मान डोलवत होता. म्हातारं माणूस बुडालेल्या पतपेढीचं पासबुक घेऊन आलं की आपण डोलवतो, तशी.

"ऐकलंय मी," तो म्हणाला, "पण तसं गाव नाही. आपण पूर्वी कधी गेलाय तिथे?"

"नाही. पहिल्यांदाच."

"तिथलं कुणी ओळखीचं?"

"माझी मुलगी राहते. सहा वर्षं झाली."

"तिला तिथे राहताना पाहिलंय?"

"रोज पाहतो. व्हिडिओवर."

"व्हिडिओवर," तो म्हणाला आणि निवडुंगाकडे बघत राहिला.

मी फाईल उघडली. जावयाने तिथल्या कचेरीतून काढलेलं हमीपत्र बाहेर काढलं. त्यावर शिक्का, सही, गावाचं नाव, सगळं. त्याने कागद उजेडात धरला, मागून पुढून पाहिला. "सुंदर कागद आहे," म्हणाला. मग पलीकडच्या खिडकीतल्या बाईंना हाक मारून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. त्यात 'बीलेफेल्ड' एवढंच मला कळलं. बाईंनी आमच्याकडे वाकून पाहिलं आणि ओठ मुडपून म्हणाल्या, "ओह."

त्या 'ओह'ने मी खचलो. डॉक्टर एक्स-रे बघून असं 'ओह' म्हणाला, तर माणूस थेट मृत्युपत्राला लागेल.

मागून मंडळींनी शर्ट ओढला. "अहो, काय म्हणतोय तो?"

"गाव नाही म्हणतोय."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. नाहीच."

तिने क्षणभर विचार केला. "मग त्यांचं हातकणंगले कुठलं ते विचारा की!"

आता हे इचलकरंजीबाहेरच्यांना समजायचं नाही. आमच्या गावाला रेल्वे स्टेशन नाही. लाखालाखांची वस्ती, रात्रंदिवस मागांची खडखड, अख्ख्या महाराष्ट्रात मँचेस्टर म्हणून नाव, पण गाडी पकडायची तर हातकणंगले. पाहुणा नकाशात रेल्वेची रेघ धरून शोधत आला तर इचलकरंजी त्याला लागतच नाही. त्यामुळे गाव नसलं तरी जवळपास कुठेतरी उतरून जाता येतं, हा आमच्या मंडळींचा जन्माचा अनुभव. तिला त्या माणसाच्या बोलण्यात काही गैर वाटलंच नाही.

शेवटी त्याने धाडकन शिक्का मारला. "व्हिजा खरा आहे," म्हणाला. "स्वागत आहे आपलं. आणि बीलेफेल्ड सापडलं तर परत जाताना मला सांगून जा."

चेहऱ्यावर एक सुरकुती हललेली नाही, देवाशप्पथ.

बॅगांच्या पट्ट्यापाशी मी खालीच बसलो. मग लेक सहा वर्षं राहते कुठे? दर दिवाळीला फराळाचं पार्सल पाठवतो ते जातं कुठे? लग्नाआधी चौकशीला गेलो तेव्हा जावयाच्या मावशीने 'नोकरी चांगली आहे, गाव काय, बाहेरच आहे तिकडे' असं मोघम सांगितलं होतं, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. मंडळींनी दशमीचा डबा उघडला. तिचं म्हणणं, गाव नसेल तर पोचेपर्यंत खाऊन घ्यावं.

आगगाडीने पोचलो. फलाटावर मोठ्या अक्षरांत 'बीलेफेल्ड' लिहिलेलं, आणि त्या पाटीखाली उभा राहून जावई माझी हकिगत ऐकत डोळे पुसेपर्यंत हसत होता. सासऱ्याला देशाच्या वेशीवर अडवलं, यात त्याला हसू आलं हे मी लक्षात ठेवलंय.

मग उलगडा झाला. १९९३ साली किल गावात पोरांची पार्टी चालू होती. कुणीतरी म्हणालं, मी बीलेफेल्डचा. त्यावर दुसरा म्हणाला, "दास गिब्ट्स डॉख गार निश्ट!" म्हणजे आपल्याकडे 'असतंय व्हय कुठं!' म्हणतात तसं. पण शब्दाला शब्द धरला तर अर्थ होतो, 'हे तर अस्तित्वातच नाही.' त्या पोरांत आखिम हेल्ट नावाचा विद्यार्थी होता. पुढे गाडीने जाताना त्यांना बीलेफेल्डचा फाटा नेमका बंद दिसला, आणि त्याने मनावरच घेतलं. १६ मे १९९४ ला त्याने युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या संगणकवाल्यांच्या कट्ट्यावर, एक लेख टाकला: बीलेफेल्ड नावाचं गाव नाही, 'ते' आपल्याला भासवतात. 'ते' कोण हे सांगायचं नाही. जिथेतिथे कारस्थान हुंगणाऱ्या डोक्यांची ती थट्टा होती. त्यासोबत तीन प्रश्न. तुम्ही बीलेफेल्डचं कुणी ओळखता? कधी गेलाय तिथे? गेलेलं कुणी ओळखता? तिन्हींना 'नाही' उत्तर आलं की संपलं. आणि 'हो' आलं तर? मग तुम्हीही 'त्यांच्यातलेच'.

म्हणजे माझ्या खिडकीतल्या माणसाने मला रीतसर छापील प्रश्नपत्रिका दिली होती.

चार मित्रांपुरती ही गंमत. ती साऱ्या जर्मनीत पसरली. गावाने १९९९ मध्ये 'बीलेफेल्ड आहे' असं पत्रक काढलं, तेही १ एप्रिलला. आमच्या सायझिंगमध्ये एवढ्या अकलेच्या माणसाला बिमं, म्हणजे सुताचे रूळ, मोजायलासुद्धा ठेवलं नसतं. २०१२ मध्ये त्यांच्या चान्सेलर आंगेला मेर्केल एका समारंभात बोलल्या की आपण बीलेफेल्डला एका सभेला गेलो होतो, म्हणजे ते असेल तर. तिथे गेल्यासारखं आपल्याला वाटलं तरी होतं. देशाचा कारभार बघणारी बाई जर असं बोलते, तर शिक्का मारणाऱ्याला काय बोल लावायचा?

लावायचा, अलबत लावायचा. मला अजून राग आहे. शिक्का ज्याच्या हातात आहे त्याने विनोद करू नये. समोरच्याला हसायची सोय नसते. माझ्या जागी त्याच्या गल्लीतला कुणी असता तर खो खो हसला असता आणि वर एक टोला हाणून गेला असता. मी मात्र ६३व्या वर्षी घामाघूम होऊन हमीपत्र दाखवत होतो. जर्मनांना विनोदबुद्धी नाही म्हणतात ते खोटं आहे. त्यांच्याकडे एक विनोद आहे, आणि तीस वर्षं सगळे तोच पाळीपाळीने वापरतात.

त्याला काय उत्तर द्यायचं होतं, हे मला त्या रात्री अडीच वाजता सुचलं. आपल्याकडे फ्रीजमध्ये मेयोनीजची बाटली असते, पोरं पावाला फासतात, तिच्यावर डॉक्टर ऑटकर लिहिलेलं असतं. ते ऑटकर बीलेफेल्डचेच. तिथे औषधाचं दुकान चालवता चालवता बेकिंग पावडरच्या पुड्या विकून मोठे झाले. 'अरे बाबा, नसलेल्या गावाचं तू लहानपणापासून पुडिंग खातोयस,' असं म्हणायला हवं होतं. अडीच वाजता कुणाला म्हणणार? मंडळींना उठवून म्हणालो. ती म्हणाली, झोपा.

गाव मला आवडलं. सव्वातीन लाखांवर वस्ती, टेकडीवर जुना किल्ला, आणि हे गाव नावारूपाला आलं कशावर? तर विणकामावर! लिननचं कापड. भर पेठेत हातात काठी घेतलेल्या विणकराचा पुतळा उभा आहे. त्याच्यासमोर मी दहा मिनिटं उभा राहिलो. आमच्याकडे पुतळे पुष्कळ, पण मागावरच्या माणसाचा कुणी उभारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्याच्या सुताचं कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याची मजुरी दोन पैशांनी वाढवायची तर मोर्चा लागतो, पुतळा कोण बसवतंय. असो. हा विषय निघाला की मंडळी मला विषयावर आणतात, इथे त्या नाहीत म्हणून वाहवलो.

त्या पुतळ्याजवळच एक धोंडा आहे. २०१९ मध्ये गंमतीला २५ वर्षं झाली तेव्हा गावाने जाहीर केलं: बीलेफेल्ड नाही हे पक्कं सिद्ध करून दाखवा, १० लाख युरो घेऊन जा. जगभरातून दोन हजारांवर लोकांनी डोकं लढवलं. कुणालाही जमलं नाही. मग गावाने गंमत संपली असं जाहीर करून तिच्या नावाने हा धोंडा बसवला. मी त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मनात म्हटलं, संपली म्हणता, मग तुमच्या खिडकीत कळवा की जरा.

इथवर ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा सात जणांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. त्यावर मी ही सगळी हकिगत टाकली, धोंड्याच्या फोटोसकट. पाच मिनिटांत पहिला मेसेज: "दादा, हा दगड तर रामलिंगच्या डोंगरावरचा हाय." दुसरा: "स्वेटर घालून माथेरानला जाऊन आलासा काय?" तिसऱ्याने फोटो मोठा करून माझ्या चपलेला लाल गोल काढला. खाली लिहिलं, "कोल्हापुरी. जर्मनीत कुठली?" मी लिहिलं, अरे चप्पल माझी आहे, मी घेऊन गेलोय! तर म्हणे, "म्हणजे पुरावा पण तुम्हीच नेलासा."

परत आलो तोवर ग्रुपचं नाव 'बीलेफेल्ड मित्रमंडळ' झालं होतं. एकाने भाच्याला घेतलं, भाच्याने कॉलेज घेतलं. आज १८३ सभासद आहेत, त्यातली पावणेदोनशे माणसं मी ओळखत नाही. रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांऐवजी माझ्याविरुद्ध पुरावे येतात. पासपोर्टवरचा शिक्का दाखवला तर, "पेठेत रबरी शिक्के किती रुपयाला मिळतात?" बीलेफेल्डच्या मोटारींच्या नंबरपाटीवर सुरुवातीला 'बीआय' असतं, त्यांचे फोटो टाकले तर, "बीआय म्हणजे बाबा इचलकरंजीकर." एकाने मी तो महिनाभर नेमका कुठे होतो यावर मतदान घेतलं. नृसिंहवाडीला ६१ मतं पडली. जर्मनीला ४. त्यातलं एक माझं.

काल रात्री जावयाने लेकीलाही ग्रुपवर घेतलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता घरचा साक्षीदार आला. बाळ झोपल्यावर साडेअकराला तिचा मेसेज आला.

"बाबा इकडे कधी आले होते?"

खाली तीन हसरे चेहरे. मी सोडून साऱ्या ग्रुपने अंगठे दिले, मंडळींनीसुद्धा. आणि दोन किलो मेतकूट तेवढं कुणी खाल्लं, हे कुणी विचारत नाही.