रिमेक पडतात, पण त्या मजकुरात लिहिलंय म्हणून नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या, नाटकवाल्यांच्या आणि घरच्या. घरच्या ग्रुपावर तो मावसभावाने टाकला होता, खाली माझं नाव घालून : ‘वाच आणि बोल.’ मजकुराचा सारांश असा. पूर्वीचे लोक स्वतःच्या डोक्याने सिनेमे काढायचे, आता प्रतिभा आटली म्हणून रिमेक निघतात. मूळ सिनेमा मोबाइलवर दिसतो, म्हणून ते पडतात. चाहते जुन्या आठवणींना चिकटून बसलेत, त्यांना नवं काही रुचतच नाही. दिग्दर्शक नको तिथे हात घालतात, मूळ जसंच्या तसं ठेवलं तर लोक डोक्यावर घेतील. आणि शेवटी मोठ्या टायपात : रिमेकवर बंदी घाला.

वाचलं. आता बोलतो.

आपण नाशिकचे, तेव्हा ‘पूर्वीचे लोक’ म्हटलं की सुरुवात फाळक्यांपासूनच करायला हवी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि 1944 मध्ये नाशिकातच देह ठेवलेल्या दादासाहेबांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण 1917 मध्ये त्यांनीच हरिश्चंद्राची गोष्ट पुन्हा चित्रित केली, हे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? पुढे बोलपट आला, तेव्हा 1932 मध्ये प्रभातने काय काढलं? ‘अयोध्येचा राजा’. पुन्हा हरिश्चंद्रच! मेहबूब खाननी 1940 मध्ये ‘औरत’ काढला आणि 17 वर्षांनी तीच गोष्ट घेऊन ‘मदर इंडिया’ केला. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता आणि त्या बाईच्या गोष्टीला आता वेगळा अर्थ येणार होता. प्रतिभा आटलेला माणूस असं करत नाही.

एक गंमत सांगतो. 2013 मध्ये ‘हिम्मतवाला’चा रिमेक आपटला, तेव्हा ‘मूळची मजा नाही’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. ते 1983 चं ‘मूळ’ स्वतःच एका तेलुगू सिनेमाचा रिमेक होतं.

मोबाइलचा मुद्दा लवकर उरकतो. मल्याळम ‘दृश्यम 2’ फेब्रुवारी 2021 मध्येच घरोघरी पोचला होता. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये हिंदी आवृत्ती थिएटरांत जोरात चालली. शिवाय या मुद्द्यात दोन गोष्टींची गल्लत आहे : सिनेमा पडणं आणि चाहता निराश होणं. मूळ सिनेमा घरी बघितला म्हणून गिऱ्हाईक थिएटरात आलंच नाही, तर ते रिकाम्या खुर्चीचं कारण झालं. निराश व्हायला आधी तिकीट काढावं लागतं. ‘द लायन किंग’ची 2019 ची आवृत्ती घ्या. जगभर अब्जावधी रुपयांचा धंदा झाला, आणि लहानपणी कार्टून बघून रडलेली माणसं थिएटरातून कोरडी बाहेर आली. गल्ला भरला म्हणजे चाहता भरून पावला असं होत नाही.

आता चाहत्यांचा हट्ट. हा मुद्दा वाचून मी खरंच चिडलो, कारण तो नाशिकात बसून कोणी पुढे ढकलावा हे मला पटत नाही.

आपल्या कालिदास कलामंदिराबाहेर नाटकांचे फलक लागतात. त्यांत दर थोड्या दिवसांनी दोन शब्द दिसतात : ‘नव्या संचात’. जुनंच नाटक, नवे नट. आणि लोक रांगेत उभे राहतात, कुरकुर न करता. ‘नटसम्राट’ लिहिणारे कुसुमाग्रज याच गावचे. शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली त्या नाटकावर आहे हे त्यांचे वाचक जाणतात, म्हणजे ‘अस्सल’ आणि ‘उसनं’ यांतली रेघ तिथेही पुसटच. 1970 मध्ये अप्पासाहेब बेलवलकर उभे केले डॉ. श्रीराम लागूंनी. मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले. माझे काका आणि त्यांचे मित्र ओट्यावर बसून कुणाचे अप्पा खरे यावर तासन्‌तास भांडायचे. पण लागूंनी केल्यावर दुसऱ्याने ही भूमिका करायचं धाडसच कसं केलं, असं त्यांच्यातला एकही जण कधी म्हणाला नाही. त्यांना उलट तुलनेचीच चटक होती.

तेच प्रेक्षक, त्याच आठवणी, तोच हळवेपणा. मग नाटकात जे गोड लागतं ते सिनेमात कडू का होतं?

मला सुचतं ते असं. नाटक कागदावर असतं आणि प्रयोग रोज नव्याने उभा राहतो. त्याच नटाचा शनिवारचा प्रयोग आणि रविवारचा प्रयोग एक नसतो, हे आम्ही विंगेत उभं राहून पाहिलंय. सिनेमाचं तसं नाही. सिनेमा पुरा झाला की पटकथेचा कागद मागे पडतो. उरतो तो एक विशिष्ट चेहरा, एक आवाज, त्या दुपारचं ऊन, मागून जाणारी एसटी. आपण ज्याला ‘गोष्ट’ म्हणतो ती त्या सगळ्यात चार आण्यांची. रिमेकवाले हक्क विकत घेतात ते या चार आण्यांचे, आणि चाहत्याचा जीव अडकलेला असतो उरलेल्या बारा आण्यांत. त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याला नक्की काय आवडलं होतं हे विचारलंय कुणी?

यावर मजकुराचं उत्तर तयार आहे : मग सोळाच्या सोळा आणे उचला, जसंच्या तसं ठेवा.

हे करून झालंय. हिचकॉकच्या 1960 च्या ‘सायको’ची 1998 मध्ये जवळजवळ शॉटला शॉट लावून नक्कल काढली गेली, फक्त रंगीत. अगदी दिग्दर्शकाच्या बारीकसारीक गंमतीही तिथल्या तिथे. सिनेमा पडला. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, कारण हा प्रयोग माझ्या अंगावर होऊन गेलाय. राज्य नाट्य स्पर्धेला साईखेडकर नाट्यगृहात आम्ही एक गाजलेलं नाटक केलं होतं. मी एका थोर नटाची कॅसेट ऐकून ऐकून त्यांचे सगळे थांबे पाठ केले. कुठे दोन मात्रा, कुठे तीन. प्रयोगात प्रत्येक थांबा बरोब्बर घेतला आणि प्रत्येक थांब्याला तिसऱ्या रांगेतून एक खोकला ऐकू आला. आमचे दिग्दर्शक मेकअप उतरवताना म्हणाले, “अरे, ते वाक्य आठवायला थांबायचे. तू मोजायला थांबलास.”

दुसऱ्या टोकाला ‘सैराट’ आणि ‘धडक’. 2016 च्या उन्हाळ्यात नाशिकरोडला ‘झिंगाट’ लागल्यावर खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचणारी पोरं मी पाहिली, आणि शेवटच्या मिनिटांत त्याच पोरांची जी वाचा बसली तीही पाहिली. दोन वर्षांनी हिंदीत आलं तेव्हा संगीतकार तेच, अजय-अतुल. चाल तीच. पैसेही मिळाले. पण करमाळ्याकडची माती जाऊन उदयपूरचे महाल आले, आर्ची-परश्याच्या तोंडची सोलापुरी भाषा गेली आणि जात, जिच्यावर अख्खा सिनेमा उभा होता, ती पुसट झाली. इथे त्या मजकुराचे लेखक म्हणतील, बघा, बदल केला म्हणून फसलं. मी म्हणेन, बदल अर्धवट राहिला. राजस्थानात काय जात नाही? तिथली उतरंड, तिथली बोली, तिथल्या पंचांचा धाक यांत कॅमेरा घुसवला असता तर तो सिनेमा ‘सैराट’सारखा दिसला नसता आणि कदाचित तितकाच लागला असता. जुनी जागा सोडली, नवी जागा पुरती धरली नाही.

आणि धरली तर काय होतं? मावसभावाला मी याचं उदाहरण मिसळीच्या टेबलावर दिलं. रविवारी गंगापूर रोडला आम्ही सात-आठ जण जमतो. म्हटलं, तुझा सर्वांत लाडका मराठी सिनेमा कोणता? क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “बनवाबनवी!” पापड मोडता मोडता दोन संवादही म्हणून दाखवले, शेजारच्या टेबलाने तिसरा जोडला. म्हटलं, तो रिमेक आहे. हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा ‘बीवी और मकान’. पापड हातातच राहिला. सचिन पिळगावकरांनी 1988 मध्ये ती कल्पना पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणून टाकली, संवाद वसंत सबनीसांचे, आणि घरमालक, भाडेकरू, बायकी सोंग हे सगळं आपल्या वगनाट्याच्या आणि फार्सच्या मातीत असं रुजलं की मूळ झाड कुणी शोधायलाही गेलं नाही.

या उदाहरणात अजून एक धागा आहे आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. ‘बीवी और मकान’चे संवाद तोंडपाठ असलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. सचिनपुढे तुलनेचा डोंगर नव्हता. 1990 चा ‘अग्निपथ’ही तिकीटबारीवर पडला होता, अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनसुद्धा. निर्माते यश जोहरांचा तो पडलेला सिनेमा त्यांच्या मुलाच्या, करणच्या कंपनीने 2012 मध्ये पुन्हा काढला, रौफ लाला नावाचा नवा खलनायक आणला, ऋषी कपूरना तिथे उभं केलं, आणि तो चालला. उलट 2007 मध्ये ‘शोले’ला हात घातला गेला, 2013 मध्ये ‘जंजीर’ला. दोन्ही आपटले. निर्माता नाव विकत घेतो, कारण शुक्रवारी सकाळी नाव गर्दी खेचतं. पण त्या नावाबरोबर मोजायचा जुना गजही फुकट येतो, आणि दुपारच्या खेळापर्यंत प्रत्येकाने मोजून टाकलेलं असतं.

बंदीबद्दल फार बोलत नाही. ‘बेन-हर’ 1925 मध्ये मूकपट होता. तेव्हाच पुढच्या आवृत्त्यांवर बंदी घातली असती तर 1959 मध्ये ज्याला 11 ऑस्कर मिळाले तो सिनेमा निघालाच नसता. 2016 चा पडला, ते अर्थात टळलं असतं. मला 1959 च्यासाठी 2016 चा सोसायला आवडेल.

माझं मागणं वेगळं आहे, आणि ते मी टेबलावर मांडलंही. चांगली कल्पना असून पैशांअभावी, कच्च्या पटकथेमुळे किंवा चुकीच्या शुक्रवारी लागल्यामुळे पडलेले मराठी सिनेमे पुन्हा काढा. माझ्या वहीत अशी अकरा नावं आहेत. मावसभाऊ दुसऱ्यांदा तर्री मागवत म्हणाला, “यादी ग्रुपवर टाक, मी सगळीकडे पाठवतो.” म्हटलं, नको रे बाबा. आधी त्यातला एखादा बघ. तो म्हणाला, “कुठे बघू? मोबाइलवर मिळतो का?”

अकरांपैकी तीनच मिळतात. ते त्याला पाठवलेत.