किल्लीपर्यंत उतरणारा कॅमेरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना प्रेक्षक' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

दिग्दर्शक हिचकॉकच्या 'नटोरियस' या हेरकथेवरील चित्रपटातील मेजवानीच्या प्रसंगावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी नीट वाचली. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. वरच्या मजल्याच्या उंचीवरून नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत उतरत जाणारी कॅमेऱ्याची हालचाल हा आपल्या मते निव्वळ दिखाऊपणा आहे, आणि 'सरळ कट करून किल्ली दाखवली असती तरी प्रेक्षकाला तेवढेच कळले असते'. खरा ताण पटकथेत आणि नटांच्या कामात आहे. माझा लेख विनाकारण लांबला आहे. शिवाय तो 'कुठल्यातरी इंग्रजी लेखाची नक्कल' असून, माझ्यासारख्यांनी 'संकलनाच्या खोलीत कधी पाऊल तरी ठेवले आहे का', अशी शंका आपण शेवटी घेतली आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. वाचकांनी माझ्याशी कडाडून वाद घातलेले आहेत आणि त्यांतल्या काहींमुळे मी एखादा चित्रपट नव्याने पाहायला बसलो आहे. परंतु मुद्द्याला हात घालण्याआधी समोरच्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवायचे, आणि तेही स्वतःचे नाव न लिहिता, ही रीत मला मान्य नाही. नक्कल केली असे म्हणायचे असेल, तर कोणत्या लेखाची आणि कोणत्या परिच्छेदात, एवढे सांगण्याची तसदी आपण घ्यायला हवी होती. आरोप भिरकावून निघून जाण्याला टीका म्हणत नाहीत.

आपण विचारलेच आहे म्हणून सांगतो. मी उमेदीची बरीच वर्षे संकलकाचा साहाय्यक म्हणून काढली आहेत, आणि तीही फिल्म हाताने कापून चिकटपट्टीने जोडण्याच्या काळात. रशेसचे, म्हणजे रोज चित्रित झालेल्या कच्च्या फिल्मचे डबे लावणे, क्लॅपवरून आवाज आणि चित्र जुळवणे, काढून टाकलेले तुकडे पुन्हा लागतील म्हणून खुणा करून जपून ठेवणे, हे माझे रोजचे काम होते. त्या दिवसांत एका मराठी चित्रपटात असा शॉट होता, की लग्नघरातल्या गर्दीतून सरकत सरकत कॅमेरा नवरीच्या काकांच्या हातातल्या पत्रापर्यंत जातो. त्या पत्रात काय आहे हे प्रेक्षकाला आधीच्या प्रसंगात कळलेले असते. निर्मात्याला तो शॉट लांब वाटला. आम्ही मधली हालचाल काढली, सुरुवातीचा गर्दीचा भाग ठेवला आणि त्याला पत्राचा क्लोजअप जोडला. कळायचे ते सगळे कळत होते. पण आधीच्या खेळाला ज्या जागी माणसे खुर्चीत सावरून बसली होती, त्याच जागी नंतरच्या खेळाला कोणी शेजाऱ्याशी बोलत होते, तर कोणी रुमाल शोधत होते. नट तेच होते, प्रसंग तोच होता, संवादात एका शब्दाचाही फरक नव्हता. आपण जो उपाय सुचवता आहात, तो मी या हातांनी करून पाहिलेला आहे.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे वळतो, कारण सबंध प्रतिक्रियेत विचार करण्याजोगे तेवढेच आहे. 'तेवढेच कळले असते', असे आपण म्हणता. माझे म्हणणे असे आहे की, त्या शॉटमधून प्रेक्षकाला नव्याने काहीच कळत नाही, आणि तिथेच आपल्या आक्षेपाचा पाया खचतो. बर्गमन झाली आहे अलिशिया, आपला नवरा सबॅस्टियन याच्यावर पाळत ठेवणारी हेर. तिच्याजवळ त्याच्या तळघराची किल्ली आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. सबॅस्टियन न्हाणीघरात तयार होत असताना, त्याची सावली दारावर हलत असताना, तिने त्याच्या जुडग्यातून 'युनिका' असे कोरलेली ती किल्ली काढून घेतलेली आपण पाहिलेली असते. तो बाहेर येतो, तिचे दोन्ही हात हातात घेतो, एक मूठ उघडून तळव्याचे चुंबन घेतो आणि दुसरी उघडू लागतो. तेवढ्यात ती त्याच्या गळ्यात हात टाकते, त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने ती नजरेआड सरकवते. इतके सारे पाहिल्यावर पुढच्या प्रसंगात किल्लीची माहिती देण्याची गरजच उरत नाही. माहिती पुरवणे हेच त्या हालचालीचे काम असते, तर आपण म्हणता त्याप्रमाणे ती निरुपयोगी ठरली असती, आणि आपण सुचवलेला कटसुद्धा तितकाच निरुपयोगी ठरला असता.

मग ती हालचाल करते काय? ती अंतर मोजते. सुरुवातीला चौकटीत सबंध दिवाणखाना आहे, चौकटीचौकटींची फरशी आहे, दागिने आणि काळे कोट घातलेले पाहुणे आहेत, आणि दूर खाली, ओळखूही येणार नाहीत इतके लहान, पाहुण्यांचे स्वागत करणारे यजमान पतिपत्नी आहेत. कॅमेरा उतरू लागतो तसे पाहुणे एकेक करून चौकटीबाहेर जातात, उरते ती अलिशिया, मग तिचा हात, आणि शेवटी बोटांमध्ये अस्वस्थपणे फिरणारी ती किल्ली. मध्ये कुठेही जोड नाही. त्यामुळे ज्या माणसाच्या जुडग्यातून ती किल्ली गेली तो माणूस तिथेच, हाताच्या अंतरावर उभा आहे, ही गोष्ट प्रेक्षकाच्या मनातून क्षणभरही सुटत नाही. कट केला असता तर चौकटीत नुसता हात आला असता. तो हात सबॅस्टियनपासून किती दूर आहे, आत्ता त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे, याची जाणीव त्या क्षणापुरती तुटली असती. कट माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी आणून सोडतो, आणि मधली वाट गाळतो. या प्रसंगात भीती त्या मधल्या वाटेत आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हालचाल सुरू होते तेव्हा ती कुठे थांबणार हे प्रेक्षकाला माहीत नसते, पण किल्ली त्याच्या डोक्यात असते. म्हणून कॅमेरा पोचण्याआधी तो स्वतःच तिथे पोचतो आणि वाट पाहू लागतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो जीव मुठीत धरून वाट पाहतो, हा हिचकॉकचा दृष्टान्त आपल्याला ठाऊक असेलच. इथे तो त्याच्याही पुढे गेला आहे, कारण आपण त्या बॉम्बची आठवण स्वतःहून काढतो. हे काम सोपेही नव्हते. एवढ्या उंचीवरून बोटाएवढ्या वस्तूपर्यंत येताना फोकस सतत बदलत ठेवावा लागतो, आणि शेवटच्या टप्प्यात थोडी जरी चूक झाली तरी सबंध शॉट वाया जातो. छायाचित्रकार टेड टेट्झलाफ आणि त्याचे सहकारी यांनी ते 1940 च्या दशकातल्या अवजड यंत्रांनी साधले. या परिश्रमाला 'दिखाऊपणा' म्हणताना आपली लेखणी अडखळायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

हिचकॉकला ही हालचाल आवडत होती, म्हणून त्याने ती इथेही चिकटवली, असाही आपल्या लिहिण्याचा सूर आहे. त्याच्या 1937 सालच्या 'यंग अँड इनोसंट'मध्ये हॉटेलातल्या नाचाच्या दालनावरून कॅमेरा वादकांपर्यंत आणि शेवटी ढोल वाजवणाऱ्याच्या फडफडणाऱ्या डोळ्यांपर्यंत जातो, हे खरे आहे. पण तिथे ती हालचाल खुनी कोण बसला आहे ते आपल्याला दाखवून देते, म्हणजे नवी माहिती पुरवते. 'नटोरियस'मध्ये माहिती आधी देऊन झाली आहे आणि हालचाल नंतर येते. सारख्या दिसणाऱ्या या दोन शॉटांकडून त्याने वेगळी कामे करून घेतली आहेत, आणि एवढा फरक 'जुन्या प्रेक्षका'च्या नजरेतून निसटू नये.

पटकथेबद्दलचा आपला आक्षेप मी एका मर्यादेपर्यंत मान्य करतो. बेन हेक्टच्या लेखनाला आणि सबॅस्टियन झालेल्या क्लॉड रेन्सला ऑस्करची नामांकने मिळाली होती, आणि माझ्या लेखात रेन्सला आणखी दोन ओळी मिळायला हव्या होत्या. मात्र मेजवानीतली शँपेन घ्या. बाटल्या संपल्या की सबॅस्टियन तळघरात जाणार, आणि त्या वेळी अलिशियाचा हेर साथीदार डेव्हलिन तिथे असणार, ही कल्पना लेखकाची असेलही. पण बर्फातल्या बाटल्या दर खेपेला कमी झालेल्या दिसतात, ते पाहून अलिशियाचा चेहरा उतरतो, आणि स्वतः हिचकॉक पडद्यावर येऊन एक पेला रिकामा करून निघून जातो, हे कागदावर लिहून तेवढा घोर लागत नाही. लेखाच्या लांबीविषयी मी काही बोलत नाही. ज्यांना लांब वाटतो त्यांच्यावर वाचण्याची सक्ती नाही.

एक गोष्ट आपण लक्षातच घेतलेली नाही. कटने किल्ली दाखवावी असा आपला आग्रह आहे ना? याच चित्रपटात ती कटने दाखवलेली आहे. अलिशिया जुडग्यातून ती काढून घेते तेव्हा क्लोजअप आहे. शँपेनच्या बाटल्याही कटनेच दिसतात, कारण तिथे मधला वेळ गाळायचा आहे. पुढे सबॅस्टियन बटलरबरोबर तळघराच्या दाराशी जातो, किल्ली जागेवर नाही हे त्याच्या ध्यानात येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच किल्ली जुडग्यात परत आलेली त्याला दिसते. त्या वेळी आपल्याला पुन्हा जुडग्याचा क्लोजअप दिसतो, कारण आता किल्ली आणि तो यांच्यामध्ये ना गर्दी आहे, ना पाहुणे, ना लपवण्यासारखे काही अंतर. तो एकटा आहे आणि पुरावा समोर आहे. कट कुठे करायचा हे ज्या दिग्दर्शकाला इतके नेमके कळते, त्याने मेजवानीत कट टाळला असेल, तर तो विचार करूनच टाळला असणार.

हे सगळे प्रसंग सलग पाहून आपल्याला अजूनही मेजवानीतली ती हालचाल वायफळ वाटली, तर जरूर लिहावे. मी उत्तर देईन. मात्र त्या वेळी मी कोणत्या लेखाची नक्कल केली, तेही सोबत लिहावे, आणि जमल्यास स्वतःचे नावही.